संकेतस्थळाचा वाचक कोण?

शासनाचे संकेतस्थळ हा समीक्षेचा विषय होऊ शकतो काय, असे विचारले तर आपल्यातले काही प्राध्यापक-मित्र हसतील. त्यांनी खुशाल हसावे. आपल्या वस्तीतला विद्यार्थी कादंबरीच्या आधी शिष्यवृत्तीच्या अर्जाचे पान वाचतो, आणि तिथेच अडला तर कादंबरीपर्यंत तो पोहोचतच नाही. म्हणून हे पान मी एखाद्या साहित्यकृतीसारखे वाचतो. ते लिहिताना लिहिणाऱ्याच्या डोळ्यांपुढे कोण होते?

उत्तर भाषेतच आहे. 'सक्षम प्राधिकारी', 'विहित नमुना', 'त्रुटीपूर्तता' हे शब्द एका टेबलाने दुसऱ्या टेबलाला लिहिलेले आहेत. राजभाषा अधिनियम १९६४ चा. मराठी आली, पण ती कचेरीची मराठी आली. जातीच्या प्रमाणपत्राचेच पाहा. अर्जदाराकडे 'मानीव दिनांकापूर्वीचा' पुरावा मागतात. अनुसूचित जातीसाठी हा दिनांक १० ऑगस्ट १९५०. राष्ट्रपतींचा अनुसूचित जातींविषयीचा आदेश त्या दिवशीचा. एवढे एक वाक्य तिथे लिहिले तर काय बिघडते? ज्यांच्या आजोबांना शाळेने उंबऱ्याच्या आत घेतले नाही, त्यांच्या नातवाने आजोबांचा शाळेचा दाखला शोधत हिंडायचे. कोतवाल बुकातली जन्ममृत्यूची नोंदही पुरावा ठरू शकते, हे त्याला सायबर कॅफेवाला सांगतो, पैसे घेऊन.

नावाची तर वेगळीच कथा. 'वाघमारे' मराठीत सर्वत्र एकच लिहिले जाते. इंग्रजी स्पेलिंगात मात्र आधारवर एक 'ए', गुणपत्रिकेवर दोन. यंत्राच्या लेखी ही दोन माणसे! बापाने अंगठा उठवला, मास्तरांनी मनाला येईल ते स्पेलिंग लिहिले, आणि फेऱ्या मारतो मुलगा.

माझ्या वर्गातली एक मुलगी गेल्या डिसेंबरात अर्ज भरायला बसली. ओटीपी गेला बापाच्या मोबाइलवर. बाप ऊसतोडीला, फडात. त्याला फोन लागेपर्यंत ओटीपीची मुदत संपली. असे तीन दिवस चालले. या मुलुखातली माणसे दिवाळीच्या सुमारास घर सोडतात, हे गावात कोणालाही ठाऊक आहे. पान रचणाऱ्याला ते ठाऊक नव्हते, कारण तो कुणाला विचारायला आलाच नाही.

इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. मी विद्यार्थी असताना एका कचेरीत कारकुनाने माझे आडनाव वाचले आणि कागद हातात न देता टेबलावर टाकला. संगणक असे करीत नाही. अर्ज घरून भरता येणे ही आपल्यासाठी लहान गोष्ट नाही, आणि 'पूर्वीचेच बरे होते' म्हणणाऱ्यांच्या सुरात सूर मिसळायची माझी तयारी नाही. पण घरून अर्ज भरता येतो कुणाला? ज्याच्या घरी संगणक आहे, इंग्रजी येणारा भाऊ आहे, त्याला. बाकीच्यांसाठी खिडकी तीच राहिली. कारकुनाच्या जागी दलाल बसला, एवढाच फरक.

केंद्र शासनाने संकेतस्थळांसाठी मार्गदर्शक तत्त्वे २००९ सालीच काढली; २०२३ मध्ये त्यांची तिसरी आवृत्ती आली. नागरिक केंद्रस्थानी हवा, भाषा सोपी हवी, हे सारे त्यांत आहे. म्हणजे अज्ञानाची सबब उरत नाही. अनुसूचित जातींची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती १९४४ साली, बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात असताना सुरू झाली. ती मिळवण्याची वाट आज या पानातून जाते. त्या पानाची भाषा हा किरकोळ तांत्रिक मामला आहे, असे आपल्या चळवळीनेही मानले, ही आपली चूक आहे.

माझी मागणी साधी आहे. असे प्रत्येक पान खुले करण्यापूर्वी पहिल्या वर्षाच्या पाच-दहा मुलामुलींना, त्यांच्या आईबापांसह, साध्या मोबाइलवर ते भरायला बसवावे. रचणाऱ्याने शेजारी गप्प बसावे, काहीही समजावून सांगू नये. बोट कुठे थांबते ते पाहावे, आणि ती ओळ पुन्हा लिहावी.