न मोजलेले आणि नसलेले

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीचे (२०१९-२१) वर्धा जिल्ह्याचे पत्रक प्रत्येक शाळेने मिळवून ठेवावे. रक्तक्षय, लसीकरण, प्रसूती, मुलींचे लग्नाचे वय असे १०४ निर्देशक त्यात आहेत. टक्केवारी आणि सरासरी शिकवायला याहून चांगली सामग्री मिळणे कठीण. मात्र असे पत्रक वाचताना काय मोजले आहे याबरोबर काय मोजलेलेच नाही, हेही पाहण्याची सवय विद्यार्थ्यांना लावायला हवी. स्त्रियांच्या खतन्याविषयीचा प्रश्न या सर्वेक्षणाच्या पहिल्या पाचही फेऱ्यांत नव्हता. या अभावाचा जो अर्थ लावला गेला, त्याचे हे परीक्षण आहे.

दाऊदी बोहरा समाजात या प्रथेला खफ्ज किंवा खतना म्हणतात. साधारण सातव्या वर्षी मुलीच्या बाह्य जननेंद्रियातील सर्वांत संवेदनशील भागावरची त्वचा थोडी कापली जाते. या समाजाचे धार्मिक मुख्यालय मुंबईत आहे. रेहाना घडियाली यांनी १९९१ मध्येच ‘मानुषी’ नियतकालिकात या प्रथेवर लेख लिहिला होता. हा निरुपद्रवी धार्मिक आचार आहे असे मानणारे लोक समाजात आहेत, त्यांत स्त्रियाही आहेत. आणि लहानपणी आपल्याला विचारल्यावाचून हे केले गेले, असे जाहीरपणे सांगणाऱ्याही त्याच समाजातील स्त्रिया आहेत. ही प्रथा एकाच धर्माची नाही. इजिप्त आणि इथिओपियात ती मुस्लिम व ख्रिस्ती अशा दोन्ही समाजांत आढळते.

२०१७ मध्ये हा विषय सर्वोच्च न्यायालयात गेला. त्या वर्षाअखेरीस केंद्रीय महिला व बालविकास मंत्रालयाने न्यायालयाला सांगितले, की भारतात ही प्रथा असल्याला आधार देणारी अधिकृत आकडेवारी किंवा अभ्यास उपलब्ध नाही. उल्लेख राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाचाही होता. आता हा विभाग गुन्हे कसे मोजतो ते पाहू. तो कायद्याच्या कलमांनुसार नोंदी करतो, आणि खतन्यासाठी वेगळे कलमच नाही. ज्या वस्तूसाठी कपाटात खणच केलेला नाही, ती खणात सापडली नाही म्हणून घरात नाही, असा हा युक्तिवाद आहे. विधान शब्दशः खरे होते. त्यातून सुचणारा निष्कर्ष मात्र चुकीचा होता.

जगातही असेच घडले आहे. युनिसेफच्या २०१३ च्या अहवालात २९ देशांतील साडेबारा कोटींहून अधिक मुली व स्त्रियांचा खतना झाल्याचा अंदाज होता. २०१६ मध्ये तो ३० देशांतील किमान २० कोटींवर गेला. प्रथा तीन वर्षांत एवढी पसरली नव्हती. लोकसंख्यावाढीचा थोडा भाग होताच, पण मुख्य कारण म्हणजे इंडोनेशियाने २०१३ च्या आपल्या आरोग्य सर्वेक्षणात हा प्रश्न विचारला होता. २०२४ च्या अंदाजात आकडा २३ कोटींवर आणि देश ३१ झाले. त्या यादीत भारत नाही.

मग पुढच्या फेरीत एक प्रश्न वाढवला की काम झाले का? दुर्दैवाने नाही. येथे थोडे गणित करावे लागेल. दाऊदी बोहरा जगभरात सुमारे १० लाख आहेत आणि त्यांतील बहुसंख्य भारतात आहेत. हिशेबापुरते ७ लाख धरू. १४० कोटींत ७ लाख म्हणजे दोन हजारांत एक. पाचव्या फेरीत देशभरात ७,२४,११५ स्त्रियांच्या मुलाखती झाल्या. या प्रमाणाने त्यांत बोहरा स्त्रिया साधारण ३६० येतील. एका जिल्ह्याच्या वाट्याला सरासरी हजारभर मुलाखती येतात. म्हणजे वर्ध्यात अपेक्षित संख्या अर्धी. १९९९ भागिले २००० या अपूर्णांकाचा हजारावा घात विद्यार्थ्यांनी काढून पाहावा. तो सुमारे ०.६१ येतो. याचा अर्थ, प्रत्येक बोहरा स्त्रीचा खतना झालेला आहे असे गृहीत धरले तरी दहांपैकी सहा वेळा वर्ध्याचे उत्तर शून्यच येईल.

प्रत्यक्षात परिस्थिती याहून अवघड आहे. सर्वेक्षणात सुट्या व्यक्ती निवडत नाहीत. आधी गावे आणि शहरी वस्त्या निवडतात आणि प्रत्येकीतून २२ घरे घेतात. लहान समाज शहरातील एखाद्या मोहल्ल्यात एकवटलेला असतो. तो मोहल्ला निवडीत आला तर बरीच कुटुंबे एकदम येतात, नाही तर एकही नाही. त्यामुळे शून्य येण्याचा संभव आणखी वाढतो. शिवाय धर्माच्या कोष्टकात ‘मुस्लिम’ हा एकच रकाना असतो. बोहरा स्त्रियांतील मोठे प्रमाणही त्या रकान्याच्या सरासरीत दिसेनासे होईल.

स्वयंसेवी गटांनी केलेले अभ्यास आहेत. ‘सहियो’च्या २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत विविध देशांतील ३८५ बोहरा स्त्रियांनी ऑनलाइन उत्तरे दिली, त्यांतील ८० टक्के स्त्रियांचा खतना झालेला होता. २०१८ च्या दुसऱ्या अभ्यासात ९४ मुलाखती होत्या. त्या कुटुंबांतील सात वर्षांवरील मुलींपैकी ७५ टक्क्यांचा खतना झाल्याचे आढळले. प्रथा अस्तित्वात आहे, हे सिद्ध करायला एवढे पुरेसे आहे. परंतु हे नमुने यादृच्छिक नाहीत. ज्यांना बोलावेसे वाटले त्याच बोलल्या. म्हणून ८० टक्के हा आकडा संपूर्ण समाजाला लावणे बरोबर नाही. मंत्रालयाच्या विधानाला लावलेली कसोटी आपल्याला पटणाऱ्या आकड्यालाही लावली पाहिजे.

दुसरी अडचण उत्तराच्या विश्वासार्हतेची. सातव्या वर्षी नेमके काय कापले गेले, हे प्रौढ स्त्रीला सांगता येईलच असे नाही. सुदानमध्ये स्त्रियांची उत्तरे आणि वैद्यकीय तपासणी ताडून पाहिली, तेव्हा खतना झाल्याचे उत्तर बरोबर निघाले, पण त्याचा प्रकार अनेकदा चुकीचा सांगितला गेला होता. कायद्याचाही परिणाम होतो. घानाने १९९४ मध्ये या प्रथेवर बंदी आणली. त्या देशाच्या उत्तर भागात १९९५ मध्ये ‘झाला आहे’ म्हणणाऱ्या स्त्रियांपैकी १३ टक्के स्त्रियांनी २००० मध्ये ‘झालेला नाही’ असे सांगितले. शरीरावरची खूण पुसली गेली नव्हती, उत्तर बदलले होते.

अवघड म्हणून मोजू नये, असा याचा अर्थ नाही. आपल्या विदर्भातलेच उदाहरण पाहा. डॉ. राणी आणि डॉ. अभय बंग यांनी गडचिरोली जिल्ह्यातील दोन गावांतल्या ६५० स्त्रियांची तपासणी केली. ९२ टक्के स्त्रियांना स्त्रीरोग आढळले, आणि त्यांतील बहुतेकींची पूर्वी कधी तशी तपासणीच झालेली नव्हती. हा अभ्यास १९८९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आला. तोवर ग्रामीण स्त्रीचे हे दुखणे कोणत्याही कोष्टकात नव्हते. कौटुंबिक हिंसेचे प्रश्नही ‘घराघरांत विचारता येणार नाहीत’ असेच वाटत असे. राष्ट्रीय सर्वेक्षणाने ते एकांताची अट पाळून विचारले.

खतन्यासाठी तीन गोष्टी कराव्या लागतील. पहिली, सर्वसाधारण नमुन्याऐवजी या समाजाची वस्ती असलेल्या शहरांत वेगळा, यादृच्छिक नमुना घ्यावा आणि प्रश्नात त्या समाजाचाच शब्द वापरावा. दुसरी, मुलींविषयी आईला न विचारता प्रौढ स्त्रीला केवळ स्वतःविषयी विचारावे. २०१२ च्या पॉक्सो कायद्यानुसार बालकावरील लैंगिक गुन्ह्याची माहिती असणाऱ्याने ती कळवणे बंधनकारक आहे. खतना त्या कायद्याखाली येतो असे मानणाऱ्या वातावरणात आई खरे उत्तर कसे देईल? स्वतःविषयीच्या उत्तरांतून वीस आणि पंचेचाळीस वर्षांच्या स्त्रियांची तुलना करून प्रथा घटते आहे का, हे कळू शकते; मात्र तो आकडा दहा-पंधरा वर्षांपूर्वीचा असतो, हे मान्य करावे लागेल. तिसरी, असे आकडे जिल्हावार छापू नयेत. लहान जिल्ह्यात समाजाची कुटुंबे मोजकी असली, तर आकडा छापणे म्हणजे घर दाखवून देणे होईल.

म्हणून वर्ध्याच्या पत्रकात हा रकाना नसणेच उचित आहे. चूक आहे ती रिकाम्या जागी शून्य वाचण्यात. सात वर्षांच्या मुलीला न्यायालयात स्वतःहून जाता येत नाही. तिच्या वतीने पुरावाच बोलतो. तो गोळा केलेला नसेल तर अहवालात ‘आढळले नाही’ असे न लिहिता ‘पाहिलेले नाही’ असे लिहावे. या दोन वाक्यांतला फरक नववी-दहावीच्या विद्यार्थ्याला नीट कळला, तर पुढे कोणतेही सरकारी पत्रक त्याला अधिक चांगले वाचता येईल.