आगाऊ आणि आयत्या वेळचे

बोटीच्या सहलीचं तिकीट केव्हा काढावं, यावर आमच्या बँकेत दोन पंथ आहेत. पहिला आगाऊवाल्यांचा. हे सहा महिने आधी पैसे भरतात. म्हणजे मुदत ठेवच. मोडली तर दंड. पण खोली हवी ती मिळते: खालच्या मजल्यावर, बोटीच्या मधोमध, जिथं हेलकावे कमी.

दुसरा पंथ आयत्या वेळवाल्यांचा. रिकाम्या खोलीनिशी बोट सुटली की त्या खोलीचं उत्पन्न कायमचं बुडीत खाती. म्हणून कंपनी शेवटी भाव पाडते. बी.कॉम.ला आम्हीही हेच शिकलो. फक्त उरते ती खोली बहुधा बिनखिडकीची, आणि दिवाळीच्या सुटीत तीही उरेल याची हमी नाही.

मी दुसऱ्या पंथाचा. आई लहानपणी रत्नागिरीहून कोकणबोटीनं भाऊच्या धक्क्याला उतरलेली. 'एकदा परत बोटीत बसव रे,' म्हणायची. मुंबई–गोवा सहलीचा भाव उतरावा म्हणून मी तीन हिवाळे थांबलो. यंदा उतरला. पण आता आईला आमच्या चाळीचे तीन जिने उतरवत नाहीत.

तिला सांगितलं. म्हणाली, 'पैसे वाचले ना? मग सूनबाईचं तिकीट आजच काढ. खिडकीचं.'