दोन दुष्काळ : पंडिता रमाबाईंच्या साक्षीतील दुःखविचार

ख्रिस्ती धर्माने मराठी वाङ्मयाला दुःखाचे मोल शिकविले, असे एक विधान अधूनमधून केले जाते. ते जसेच्या तसे स्वीकारता येत नाही. भागवताच्या प्रथम स्कंधात कुंती श्रीकृष्णाजवळ विपत्तीच मागते, कारण विपत्तीत त्याचे दर्शन घडते. इ. स. १६३० च्या सुमाराच्या दुष्काळात तुकोबांची पहिली पत्नी अन्नावाचून गेली, व्यापार बुडाला. आणि पुढे त्याच तुकोबांनी या सर्व नाशाबद्दल देवाचे आभार मानले. दुःख हे ईश्वराचे देणे होय, ही कल्पना आपल्या भक्तिपरंपरेत मिशनऱ्यांच्या आगमनापूर्वीच रुजलेली होती. तेव्हा नवे काय आले, हा प्रश्न निराळ्या रीतीने विचारला पाहिजे.

रेव्हरंड नारायण वामन टिळकांकडे पाहून त्याचे उत्तर मिळणे कठीण आहे. १८९५ साली बाप्तिस्मा घेतलेल्या या कवीने आपण तुकोबांच्या सेतूवरून ख्रिस्तचरणी आलो, अशा आशयाचे उद्गार काढले आहेत, आणि त्यांच्या अभंगांची घडण त्यास साक्ष देते. दुःखाने अहंता गळते, ती गळाली की प्रभू जवळ येतो, हा त्यांच्या भक्तिकाव्यातील क्रम वारकरी वाचकाला परका वाटत नाही. आराध्य पालटले, दुःखाचे कार्य मात्र पूर्वीचेच राहिले. टिळकांच्या काव्याची गोडी यातच आहे, हे मान्य करूनही प्रस्तुत प्रश्नापुरते आपल्याला दुसरीकडे वळावे लागते.

पंडिता रमाबाईंचा ‘अ टेस्टिमनी ऑफ अवर इनएक्झॉस्टिबल ट्रेझर’ हा छोटा ग्रंथ १९०७ साली प्रसिद्ध झाला. तो इंग्रजीत असला तरी त्यातील अनुभवविश्व अनंतशास्त्री डोंगरे यांच्या कुटुंबाचे, म्हणजे तीर्थोतीर्थी पुराणे सांगत हिंडणाऱ्या एका ब्राह्मण घराचे आहे. १८७४ च्या सुमारास मद्रास इलाख्यात या कुटुंबाची अन्नान्नदशा झाली. जवळचे द्रव्य दानधर्मात आणि अनुष्ठानांत संपले होते. भीक मागणे अथवा अंगमेहनत करणे जातीच्या अभिमानाला रुचत नव्हते. वृद्ध शास्त्र्यांनी जलसमाधीचा निश्चय केला. आपण हलकेसलके काम करू, असे मुलाने म्हटले तेव्हा तो निश्चय टळला, परंतु थोड्याच काळात ते वारले. मागोमाग आई गेली, नंतर वडील बहीण. उरलेली दोन भावंडे पायी उत्तरेकडे निघाली. रानबोरे बियांसकट गिळणे, झेलमच्या काठी थंडीपासून बचाव व्हावा म्हणून वाळूत थडग्यासारखे दोन खड्डे खणून गळ्यापर्यंत स्वतःला पुरून घेणे, हे प्रसंग रमाबाई ज्या कोरडेपणाने सांगतात तो लक्षात घेण्याजोगा आहे. विशेषणे जवळजवळ नाहीत. काय खाल्ले, कोठे निजलो, एवढेच. करुणरसाची इतकी सामग्री हाती असताना तिला स्पर्शही न करणारी आत्मकथने फारशी आढळत नाहीत.

साक्ष या वाङ्मयप्रकाराचा एक ठराविक साचा असतो. आधी अंधार, मग प्रकाश. आणि अंधार जितका गडद तितका प्रकाश उजळ. या साच्यात दुःखाचे स्थान पार्श्वभूमीचे असते आणि म्हणूनच बहुतेक साक्षी दुःखाला वापरून टाकतात. रमाबाईंच्या ग्रंथातही हा साचा आहे. किंबहुना मातापित्यांची उपासमार ही त्यांच्या धर्मसमजुतींचेच फळ होती, असा सूर जेथे लागतो ते भाग मला या ग्रंथातील सर्वांत दुर्बळ वाटतात. दुष्काळ काही अनुष्ठानांमुळे पडला नव्हता. ज्या लेखिकेने १८८७ चा आपला ‘द हाय कास्ट हिंदू वुमन’ हा ग्रंथ आपल्या आईच्या स्मृतीस अर्पण केला, तिच्या लेखणीला हा निवाडा शोभत नाही.

तथापि साच्याच्या आत एक गोष्ट अशी आहे की जी साच्यात बसत नाही. रमाबाईंचे मन ख्रिस्ताकडे कोठे वळले? वाळूच्या खड्ड्यात नव्हे. आईबापांच्या, १८८० साली भावाच्या वा १८८२ साली पतीच्या मृत्यूनंतर मिळालेल्या सांत्वनाने नव्हे. इंग्लंडात फुलम येथे भगिनीमंडळाने पतित म्हणून टाकलेल्या स्त्रियांसाठी चालविलेले काम त्यांनी पाहिले, आणि योहानाच्या शुभवर्तमानातील शोमरोनी स्त्रीची कथा त्यांच्या वाचनात आली. तेथे त्यांना उमज पडला, असे त्या स्वतः सांगतात. बाप्तिस्मा १८८३ चा. म्हणजे स्वतःच्या दुःखावर उतारा म्हणून त्यांनी हा धर्म घेतला नाही. दुसऱ्याच्या दुःखाशी त्याचे वर्तन कसे आहे, हे पाहून घेतला. (आठ वर्षांनंतर आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला होता, ख्रिस्त नव्हे, अशीही कबुली त्यांनी दिली आहे, तिची चर्चा येथे करीत नाही.)

यानंतर १८९६-९७ चा दुष्काळ येतो. मध्य प्रांतातील हालांच्या वार्ता येत असता पुण्यात स्वस्थ बसणे त्यांना शक्य होते. १८९७ च्या आपल्या दुष्काळवृत्तांतात त्या सांगतात की स्वतःच्या उपासाचे दिवस आठवले आणि निघावेच लागले. तेथील छावण्यांतून आणि अन्नछत्रांतून त्यांनी विधवा व मुली आणल्या. केडगावचे मुक्तिसदन त्यातूनच वाढले. तुकोबांच्या दुष्काळाने संसाराची गाठ सोडविली. रमाबाईंच्या दुष्काळाने अनोळखी मुलींशी गाठ बांधली. पहिल्यात दुःख माणसाला जगापासून मोकळे करते, दुसऱ्यात ते त्याला जगाच्या हवाली करते. नवेपण शोधावयाचे ते या दिशेत, दुःखाच्या मोलात नव्हे. करिंथकरांस लिहिलेल्या दुसऱ्या पत्राच्या आरंभी पौल म्हणतो की आम्हांला संकटात जे सांत्वन मिळाले ते इतर संकटग्रस्तांना देता यावे म्हणून. रमाबाईंच्या आचरणावर याहून नेमके भाष्य मला आढळलेले नाही.

दुःखात ईश्वरी हेतू पाहणारा माणूस अन्यायापुढेही मान तुकवितो, हा आक्षेप जुना आहे, आणि तो निराधारही नाही. रमाबाईंच्या बाबतीत मात्र १८९७ सालचेच एक पत्र त्याला आडवे येते. पुण्यातील प्लेगच्या बंदोबस्तात स्त्रियांची जी विटंबना होत होती तिच्याविरुद्ध त्यांनी ‘बाँबे गार्डियन’मध्ये जाहीर तक्रार केली. मुलींना आलेले दुःख त्यांनी परमेश्वराच्या योजनेत घालून गप्प बसणे पत्करले नाही. ते सरकारच्या पदरात घातले. स्वतः सोसलेल्या भुकेचा अर्थ लावण्याचा अधिकार त्यांनी घेतला, दुसऱ्यांच्या यातनांना समर्थन देण्याचा घेतला नाही. हा भेद त्यांनी सिद्धान्तरूपाने कोठे मांडला आहे, असे मी म्हणत नाही. तो त्यांच्या कृतीतून वाचावा लागतो.

त्यांच्या उत्तरायुष्यातील मोठे वाङ्मयीन कार्य म्हणजे हिब्रू आणि ग्रीक मुळांवरून केलेले बायबलचे मराठी भाषांतर. कन्या मनोरमा १९२१ मध्ये वारली, त्या स्वतः ५ एप्रिल १९२२ रोजी वारल्या, आणि भाषांतर १९२४ मध्ये प्रसिद्ध झाले. हिंदू धर्मकल्पनांचा वास असलेले संस्कृत शब्द टाळावेत आणि साध्या बायकांना समजेल अशी भाषा असावी, हा त्यांचा कटाक्ष होता. टिळकांनी तुकोबांची वाणी जवळ केली. रमाबाईंनी ती जाणूनबुजून दूर ठेविली. या कटाक्षामुळे ईयोबाच्या ग्रंथातील क्लेश, ताप, भोग या अर्थाच्या शब्दांचे त्यांनी काय केले, हे पूर्वीच्या मराठी भाषांतराशी पदशः ताडून पाहण्यासारखे आहे. विशेषतः ‘भोग’ या शब्दाकडे पाहावे. त्यात प्रारब्ध गृहीत असते, आणि ईयोबाचे मित्र त्याला अखेरपर्यंत जे पटवू पाहतात ते याच जातीचे असते.