यकृताचा कर्करोग: आकृतीतले दोन दोष

बेंगळुरूत आमच्या चौथ्या सत्राला 'अभियंत्यांसाठी जीवशास्त्र' शिकवतात. त्यासाठी मुलांमध्ये फिरणाऱ्या टिपणांत यकृताच्या कर्करोगाची एक आकृती आहे. सेरोटोनिनपासून गाठीकडे एक बाण, शेजारी प्रोटिअॅझोम आणि त्याखाली 'पेशीची कचरापेटी'. दोन्ही गोष्टी अर्धवट आहेत.

बाणाचे मूळ खरे आहे. २००६ मध्ये उंदरांत दिसले, की कापलेले यकृत पुन्हा वाढायला प्लेटलेटमधले सेरोटोनिन लागते. २०१० मध्ये मानवी यकृत-कर्कपेशींनाही ते जगायला मदत करते असे आढळले, ऑटोफॅजीच्या खुणाही बदलल्या. मात्र हे प्रयोगशाळेत आणि उंदरांत.

एका विद्यार्थिनीने विचारले, "सर, आईच्या नैराश्याच्या गोळ्या सेरोटोनिन वाढवतात. बंद करायच्या का?" आकृतीनुसार तिचा तर्क बरोबरच होता! पण शरीरातले ९० टक्क्यांहून अधिक सेरोटोनिन आतड्यात तयार होते आणि मेंदूतले रक्तात मिसळत नाही. प्लेटलेट ते स्वतः बनवत नाहीत, रक्तातून आत ओढतात. नैराश्यावरच्या नेहमीच्या एसएसआरआय गोळ्या नेमकी ही ओढ रोखतात, म्हणजे प्लेटलेटमधला साठा घटतो. गोळी डॉक्टरांना न विचारता थांबवायची नाही, हेही तिला सांगितले. बाणावर ठिकाण न लिहिल्याचा हा परिणाम.

कचरापेटीचा दोष जास्त खोल आहे. प्रथिनाची पातळी टाकीतल्या पाण्यासारखी ठरते: किती आले, किती गेले. विघटन हा त्या टाकीचा खालचा नळ. क्योतो विद्यापीठाच्या गटाने २००० मध्ये यकृताच्या गाठींत जादा आढळणारे गँकिरिन वर्णिले. ते पेशीविभाजनाला लगाम घालणाऱ्या आरबी प्रथिनाचे विघटन वाढवते, म्हणजे इथे नळ जास्त उघडला. उलट साधारण चारातल्या एका गाठीत बीटा-कॅटेनिनच्या जनुकात असा बदल असतो, की त्यावर विघटनाची खूणच लागत नाही. तिथे नळ बंद आणि प्रथिन साचते. खारघरच्या ॲक्ट्रेकमध्ये गँकिरिन कोणत्या प्रथिनांना धरते यावर काम झाले आहे. आपल्या टिपणांत त्याचा उल्लेखही नाही.

म्हणूनच प्रोटिअॅझोम सरसकट रोखणारे बोर्टेझोमिब मल्टिपल मायलोमात उपयोगी पडले, तरी यकृताच्या कर्करोगावरच्या चाचण्यांत फारसे चालले नाही, हे नवल वाटत नाही. कोणता नळ, कोणत्या प्रथिनासाठी, हे आकृतीत लिहायला दोन ओळी पुरतात.