झाकली मूठ आणि पुरुषाचे भय

मराठी साहित्यात पुरुषार्थाची चर्चा विपुल आहे. पुरुषाच्या देहाची मात्र फारशी नाही. स्त्रीदेहाचे वर्णन आपल्या शाहिरांनी केले, पंडित कवींनी केले आणि पुढे कादंबरीकारांनीही केले. पुरुषाचा देह या वाङ्मयात येतो तो बहुधा चिलखत घालून, घोड्यावर बसून किंवा लाल मातीत घुमत. चिलखताच्या आतला माणूस आपल्या देहाला भितो, आपले पुरुषेंद्रिय लहान आहे या एका शंकेपायी वर्षानुवर्षे झुरतो, लग्न टाळतो, मित्रांबरोबर नदीवर पोहायला जायचेही टाळतो, ही गोष्ट सांगायला साहित्याची जीभ रेटत नाही. या मौनाचाच विचार प्रस्तुत लेखात करण्याचे आम्ही योजिले आहे.

विषय ऐकून काही वाचकांच्या कपाळाला आठी पडेल, याची आम्हांस कल्पना आहे. लहरीपुऱ्यातल्या जुन्या घरांत तीन-तीन पिढ्या ज्ञानेश्वरी आणि नाट्यसंगीत यांवर वाढल्या. तेथे हा विषय माजघरात तर नाहीच, ओसरीवरही निघाला नाही. पण जे ओसरीवर निघत नाही ते रस्त्यावर निघते. गावोगावच्या रेल्वे-रुळांलगतच्या भिंतींवर ‘गुप्तरोग’ आणि ‘मर्दानी कमजोरी’ यांच्या रंगवलेल्या जाहिराती आपण सर्वांनी पाहिल्या आहेत. अशा जाहिरातींना आळा घालण्यासाठी १९५४ साली केंद्र सरकारने औषधे आणि चमत्कारी उपाय यांसंबंधीचा कायदा केला, तरी भिंती बोलायच्या थांबल्या नाहीत. जेथे ग्रंथालय गप्प बसते तेथे भिंत बोलते, आणि भिंतीचा हेतू विक्रीचा असतो. हा विषय साहित्याच्या कक्षेत का येतो, याचे पहिले उत्तर हे.

ही भीती आधुनिक शिक्षणाने किंवा पाश्चात्त्य चित्रपटांनी आणली, असे समजण्याचे कारण नाही. वात्स्यायनाने कामसूत्रात पुरुषांचे शश, वृष आणि अश्व असे तीन प्रकार इंद्रियाच्या मापावरून केले आहेत. तथापि त्या वर्गीकरणात शश हा हीन ठरत नाही. मृगी, वडवा आणि हस्तिनी या स्त्रीप्रकारांशी मेळ बसतो की नाही, हा तेथे प्रश्न आहे. शश आणि मृगी यांचा संयोग हा समरतच होय. माप हे तेथे जोडीचे आहे, एकट्या पुरुषाच्या प्रतिष्ठेचे नाही. पण त्याच ग्रंथाच्या शेवटच्या अधिकरणात वृद्धीचे उपायही येतात, म्हणजे वात्स्यायनाच्या वाचकालाही ही चिंता होतीच. सुश्रुताने तर या चिंतेची किंमत नोंदवून ठेवली आहे. वृद्धीच्या इच्छेने शूक नावाच्या विषारी जीवांचे लेप अविधीने लावणाऱ्यांना जे विकार होतात, त्यांचे अठरा प्रकार त्याने ‘शूकदोष’ या नावाखाली सांगितले. अठरा प्रकार वेगळे करून सांगावे लागले, यावरून असे किती रुग्ण वैद्यांपुढे येत असतील याचा अंदाज करता येतो. ज्या परंपरेचा आपण अभिमान बाळगतो तिने हे भय ओळखले होते, त्याला नाव दिले होते आणि त्यापायी होणाऱ्या आत्मघाताबद्दल सावधही केले होते. मौन ही परंपरा नव्हे. ते पुढच्या काळाचे आहे.

मराठीत हे मौन प्रथम कोणी मोडले असेल तर ते रघुनाथ धोंडो कर्वे यांनी. पेशाने ते गणिताचे प्राध्यापक. १९२१ मध्ये त्यांनी मुंबईत संततिनियमनाचे केंद्र काढले आणि जुलै १९२७ पासून १९५३ मध्ये मृत्यू येईपर्यंत ‘समाजस्वास्थ्य’ हे मासिक चालविले. या मासिकाचे वाङ्मयीन मूल्य सांगताना त्यातील लेखांचीच चर्चा होते. आमच्या मते त्याचा खरा गाभा वाचकांच्या प्रश्नांत आहे. घरात ज्याला तोंड उघडता येत नव्हते असा माणूस पोस्टाचे तिकीट लावून एका अनोळखी प्राध्यापकाला आपले भय कळवतो, आणि प्राध्यापक त्याला उपदेशाचा डोस न पाजता नेमके उत्तर देतो, हा मराठी गद्यातला नवा संबंध होता. १९३४ साली कर्व्यांवर अश्लीलतेचा जो खटला झाला तो याच प्रश्नोत्तरांबद्दल. हस्तमैथुन आणि समलिंगी संबंध यांविषयीचे ते प्रश्न होते. मापाची चिंता ही त्याच कुळातली. कर्व्यांच्या बाजूने डॉ. बाबासाहेब आंबेडकर उभे राहिले. लोक लैंगिक जीवनाविषयी प्रश्न विचारत असतील तर त्यांना उत्तर मिळाले पाहिजे, आणि या विषयावरील लेखन केवळ विषयामुळे अश्लील ठरत नाही, असा त्यांच्या युक्तिवादाचा रोख होता. खटला हरला, कर्व्यांना दोनशे रुपये दंड झाला.

त्याच १९३४ साली आपल्या या नगरीत ना. गो. चापेकर यांच्या अध्यक्षतेखाली मराठी साहित्य संमेलन भरले होते, हा योगायोग आम्हांला बोलका वाटतो. एकीकडे साहित्याचा मांडव आणि दुसरीकडे फौजदारी न्यायालय, अशी मराठी गद्याची ती वाटणी होती. प्रेमाच्या स्वातंत्र्यासाठी याच नगरीत जन्मलेल्या माधव ज्यूलियनांनी लोकनिंदा सोसली. पण देहाच्या भयासाठी दंड भरायला कवींपैकी कोणी नव्हते, एक गणितज्ञ होता.

पुढे रंगभूमीने हा विषय घेतला, पण आडून. विजय तेंडुलकरांचे ‘सखाराम बाइंडर’ १९७२ मध्ये आले, तेव्हा वाद झाला तो भाषेवरून आणि विवाहबाह्य संबंधांवरून. आज ते नाटक वाचताना आम्हांला त्यात सर्वाधिक धीट वाटतो तो सखारामच्या दुर्बळतेचा भाग. नवऱ्यांनी टाकलेल्या बायका घरी आणून ठेवणारा, स्वतःच्या पुरुषपणाची टिमकी वाजवणारा हा माणूस लक्ष्मी परत आल्यावर चंपाजवळ असमर्थ ठरतो. चंपा त्याला त्यावरून टोचते, दाऊदशी संबंध ठेवते आणि सखाराम तिचा गळा दाबतो. कॅरेन हॉर्नाय या मनोविश्लेषक स्त्रीने १९३२ साली फ्रॉइडचा सिद्धान्त उलटा करून असे मांडले होते की, लहान मुलाला आईच्या तुलनेत आपले इंद्रिय अपुरे वाटते. त्या अपुरेपणाची जखम मोठेपणी स्त्रीला कमी लेखून झाकली जाते. सखाराम टाकलेल्याच बायका का निवडतो, याचे उत्तर येथे मिळते. ज्या बाईला जायला दुसरे दार नाही ती त्याला मापणार नाही, असा त्याचा हिशेब असतो. चंपा मापते, आणि हिशेब चुकतो. नाटकात मापाचा शब्दशः उल्लेख यावा लागत नाही. ‘मला कोणी तोलते आहे’ ही जाणीवच तेथे पुरते.

जयवंत दळवी यांच्या ‘पुरुष’ या नाटकात हेच सूत्र दुसऱ्या टोकाला जाते. गुलाबराव हा सत्ताधारी पुरुष अंबिकेवर बलात्कार करतो आणि शेवटी ती त्याचे पुरुषत्वच छेदून टाकते. प्रेक्षकांना हा शेवट न्यायाचा वाटला, आणि तो तसा आहेही. पण एक शंका उरते. पुरुषाची सारी सत्ता त्या एका अवयवात आहे, हे गुलाबरावाचेच तत्त्वज्ञान हा शेवट अजाणता मान्य करीत नाही काय? आनंद यादव यांच्या ‘नटरंग’ कादंबरीतला गुणा या दृष्टीने अधिक खोल आहे. पैलवानी देहाचा हा गडी कलेसाठी नाच्या होतो. देह तोच, पण गाव त्याला पुरुष मानायचे नाकारते. पुरुषपण देहात नसून बघणाऱ्यांच्या नजरेत ठरते, हे यादवांनी दाखविले. तरीही या तिन्ही कृतींत भयग्रस्त पुरुषाला वाट्याला येते ती हत्या, शिक्षा किंवा विटंबना. भीती बाळगूनही जो साधा, प्रेमळ, संसारी राहतो असा पुरुष त्यांत नाही.

परदेशी साहित्याने अधिक उघडेपणा दाखविला, म्हणून ते अधिक सहृदय आहे असे मात्र नव्हे. अर्नेस्ट हेमिंग्वे यांच्या मृत्यूनंतर १९६४ मध्ये निघालेल्या पॅरिसच्या आठवणींत एक प्रकरण याच विषयावर आहे. आपल्या घडणीमुळे कोणत्याही स्त्रीला सुख मिळणार नाही असे पत्नीने सांगितल्यामुळे कादंबरीकार स्कॉट फिट्झेराल्ड खचला होता. हेमिंग्वे त्याची तपासणी करून त्याला धीर देतो आणि लूव्र संग्रहालयातले पुतळे दाखवायला नेतो. वरून पाहिले की आखूडच दिसते, हे त्याने केलेले समाधान शास्त्राला धरून आहे. पण हे लिहिले गेले तेव्हा १९४० मध्ये वारलेला फिट्झेराल्ड उत्तर द्यायला नव्हता. मित्राच्या भयाची कथा सांगता सांगता लेखक स्वतःचे मोठेपण मोजून घेतो, असे वाचताना जाणवत राहते. कर्व्यांच्या पानांवर प्रश्नकर्त्याचे नाव नाही आणि उत्तर देणाऱ्याची शेखीही नाही. सहृदयतेच्या कसोटीवर आम्ही ‘समाजस्वास्थ्य’ला झुकते माप देऊ.

वैद्यकशास्त्राने आपले काम बरेचसे केले आहे. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका संकलनात, तज्ज्ञांनी मोजलेल्या १५ हजारांहून अधिक पुरुषांच्या नोंदींवरून, ताठरलेल्या अवस्थेतील सरासरी लांबी सुमारे १३ सेंटिमीटर आणि शिथिल अवस्थेतील सुमारे ९ सेंटिमीटर आढळली. इटलीत २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, आपले इंद्रिय आखूड आहे अशी तक्रार घेऊन आलेल्या ६७ पुरुषांना तपासले, तेव्हा त्यांतले एकही आखूड निघाले नाही. म्हणजे दुखणे देहाचे नव्हते, तरी ते खोटेही नव्हते. मास्टर्स आणि जॉन्सन या संशोधकांनी दाखविल्याप्रमाणे, एकांतात जो स्वतःचाच प्रेक्षक होऊन बसतो त्याचा देह त्याला साथ देत नाही. मग अपयशाने भीती खरी ठरते आणि भीतीने पुढचे अपयश ओढवते. या चक्रात सापडलेला पुरुष चिडखोर होतो, पत्नीवर संशय घेतो, व्यसनाला लागतो किंवा भिंतीवरच्या पत्त्यावर जाऊन पैसे आणि प्रकृती दोन्ही गमावतो. आणि त्या घरातली स्त्री, जिने कधी माप मागितलेलेच नसते, ती कारण न कळता सारे सोसते.

आकडा सांगून हे भय जात नाही, याचे कारण ते आकड्याचे नसून हसे होण्याचे आहे. आणि हसे होते ते भाषेत. ‘नामर्द’, ‘बांगड्या भर’ हे शब्द आपण सहज वापरतो; लग्नघरातल्या चेष्टा, मुलांच्या टोळक्यातली टोपणनावे, शिव्या यांत या भयाची शाळा भरते. आपण तर गायकवाडांच्या फौजेबरोबर आलेल्या घरांचे वारस. राजरत्न माणिकराव यांची कीर्ती, जुम्मादादा व्यायाम मंदिर, द. चिं. मजुमदार यांनी येथून सिद्ध केलेला दहा खंडांचा ‘व्यायाम ज्ञानकोश’, हा आपला रास्त अभिमानाचा ठेवा आहे. त्या तालमींनी शिस्त दिली, आरोग्य दिले. पण पीळदार देहाच्या त्या गौरवात किरकोळ अंगाच्या, लाजाळू मुलाला जागा होती काय, हा प्रश्न आपण विचारला नाही. त्याच्यासाठी आपल्याकडे शब्दच नव्हते.

शब्द नव्हते, पण रंग होते. याच शहरात राहून चित्रे काढणारे भूपेन खख्खर (१९३४–२००३) यांचे १९८१ चे एक प्रसिद्ध चित्र आहे. सज्जात एक पुरुष नग्न, पाठमोरा उभा आहे आणि खाली बाप, मुलगा आणि गाढव यांची जुनी गोष्ट चालली आहे. काहीही करा, लोक हसणारच. त्या पुरुषाचा देह शिल्पातला नाही, तालमीतला नाही, चारचौघांसारखा आहे. तो लपत नाही आणि मिरवतही नाही. लोकांच्या हसण्याकडे तो वरून शांतपणे पाहतो आहे. मराठी गद्याला जी मुद्रा अद्याप साधली नाही ती आपल्या शेजारच्या चित्रकाराला साधली.

‘झाकली मूठ सव्वा लाखाची’ ही म्हण व्यवहारात खरी असेल. साहित्यात ती चालत नाही. सव्वा लाखाच्या त्या मुठीत बहुतेक वेळा एक घाबरलेला मुलगा असतो. साहित्याने मूठ बळेच उघडावी असे आमचे म्हणणे नाही. त्या मुलाला भिंतीवरच्या पत्त्याआधी एखादे पुस्तक सापडावे, त्यात त्याच्यासारखा कोणी भेटावा, आणि तो कोणाच्या हसण्याचा विषय नसावा, एवढी अपेक्षा मात्र आम्ही करतो. दोनशे रुपये दंड भरून एका गणितज्ञाने ही वाट मोकळी करून ठेवली आहे. तिच्यावर कथाकारांनी आणि कवींनी चालायचे अद्याप राहिले आहे.