सुरीने रेखलेला क्रूस

पाककृतींचे पुस्तक स्वयंपाकघरात हाताळले जाते. वाङ्मय म्हणून ते क्वचितच वाचले जाते. एलिझाबेथ डेव्हिड (१९१३–१९९२) या इंग्रज लेखिकेचा 'इंग्लिश ब्रेड अँड यीस्ट कुकरी' हा १९७७ साली प्रसिद्ध झालेला ग्रंथ मात्र या दोन्ही ठिकाणी मानाने ठेवावा अशा योग्यतेचा आहे. कारखान्यात तयार होणाऱ्या निःसत्त्व पावाविषयीच्या संतापातून तो जन्मला. धान्य, गिरणी, यीस्ट, भट्टी यांची साद्यंत हकीकत आधी सांगून मगच लेखिका कृतींकडे वळते. त्यातील उत्तम शुक्रवारच्या क्रूसांकित बनांविषयीची मोजकी पाने आम्हांला येथे विचारात घ्यायची आहेत. पवित्र सप्ताहात वांद्र्याच्या बेकऱ्यांतून हे 'हॉट क्रॉस बन' आपल्याही घरी येतात. तेव्हा हा विषय आपल्याला परका नाही.

या पानांचे पहिले मोल ऐतिहासिक आहे. पहिल्या एलिझाबेथ राणीच्या कारकिर्दीतील, १५९२ सालचा एक हुकूम लेखिकेने उद्धृत केला आहे. मसाल्याचे पाव व बन दफनविधी, ईस्टरपूर्वीचा शुक्रवार आणि नाताळ हे प्रसंग वगळता कोणाही पाववाल्याने विकू नयेत. विकल्यास तो माल जप्त करून गरिबांना वाटावा, असा त्याचा आशय. कॅथलिक श्रद्धेच्या द्वेषातून ही बंदी आली, असे पुष्कळदा सांगितले जाते. आपल्या मनाला ते चटकन पटतेही. परंतु हुकुमाची भाषा वेगळे कारण देते. इंग्लंडमध्ये तेराव्या शतकापासून पावाचे वजन धान्याच्या भावानुसार कायद्याने ठरत असे आणि लोणी-मसाल्याचा पाव त्या मापात बसत नसे. समकालीन धर्मकलहाची छाया त्यावर पडलीच नसेल, असे आम्ही म्हणत नाही. पण कागदावर जे लिहिलेले नाही ते त्यात वाचणे हा इतिहास नव्हे. आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. बंदी होती ती विक्रीवर. घरच्या भट्टीविषयी तो हुकूम मौन पाळतो.

दुसरे मोल व्यवहाराचे. साखर व लोणी यांमुळे यीस्टचे काम मंदावते. दालचिनी अधिक झाली तर तीही त्यात अडथळा आणते. म्हणून हे पीठ उतावीळ माणसाचे नव्हे. यीस्ट कमी आणि वेळ अधिक, हा लेखिकेचा एकूण आग्रह येथे सार्थ ठरतो. मात्र तिचे स्वयंपाकघर थंड देशातले आहे. आपल्याकडे चैत्राच्या उकाड्यात पीठ भराभर फुगते आणि आंबूस होते. यावर उपाय साधा आहे. अर्धा किलो मैदा, साठ-साठ ग्रॅम लोणी व साखर, एक अंडे, पाव लिटर कोमट दूध, चमचाभर यीस्ट, थोडे मीठ, मूठभर मनुका आणि घरी कुटलेली जायफळ-लवंग-दालचिनीची पूड एवढ्यात बारा बन होतात. पवित्र गुरुवारी रात्री पीठ मळून फ्रिजमध्ये ठेवावे. सकाळी गोळे करून ते दुप्पट फुगू द्यावेत आणि २०० अंश सेल्सियसवर वीसेक मिनिटे भाजावेत. मसाला आपल्याच डब्यातला असतो, त्यासाठी विकतची पुडी कशाला हवी?

तिसरा मुद्दा क्रूसाचा, आणि आमच्या मते तोच या पानांचा गाभा आहे. बेकरीतल्या बनावर मैद्याच्या पेस्टचा पांढरा, रेखीव क्रूस असतो. लेखिकेला ही कारागिरी अनावश्यक वाटते. गोळ्यावर सुरीने दोन रेघा ओढल्या की पुरे. त्या तंतोतंत सरळ आल्या नाहीत तरी बिघडत नाही, असे तिचे मत. तिने ते स्वयंपाकिणीच्या सोयीसाठी मांडले आहे. आम्हांला मात्र त्यात तिच्याही हेतूपलीकडचा अर्थ दिसतो. वरून चिकटवलेला क्रूस ही सजावट होते. सुरीने रेखलेला क्रूस पाव फुगताना उघडतो, जखमेसारखा. उत्तम शुक्रवारच्या दिवसाला हे दुसरे रूपच साजते.

उणीव सांगायची तर, या ग्रंथाची दृष्टी भट्टीपाशी आणि बाजारात रमते, उपवासाच्या ताटाशी ती थांबत नाही. ते काम आपले आहे. मध्ययुगात उपवासकाळात दूध, लोणी, अंडीही वर्ज्य होती. आजच्या नियमाप्रमाणे उत्तम शुक्रवारी मांस वर्ज्य आहे आणि अठरा ते एकोणसाठ वर्षांच्या प्रौढांनी एकदाच पोटभर जेवायचे आहे. म्हणजे बन खाल्ल्याने नियम मोडत नाही. पण लोण्याने माखलेले चार बन खाऊन उपवास पाळल्याचे समाधान मानणे, हा नियमाच्या आड लपण्याचाच प्रकार होय. एका माणसाला एक बन पुरतो.

मग बारांतले उरलेले कोणाचे? उत्तर त्या १५९२ च्या हुकुमातच आहे. तिथे गरिबांना पाव मिळत होता तो दंड म्हणून. उपवासकाळात तोच पाव आपण आपण होऊन, गरम असतानाच, शेजारच्या दारी पोहोचवायचा असतो. घरी बन भाजण्याला यापेक्षा चांगले कारण आम्हांला सापडत नाही.