वाट आधी, विजय नंतर

एका पताकेखाली गाव चालते तेव्हा दिंडी होते. रुमानियातील ट्रान्सिल्व्हानियात सेकेय नावाचे हंगेरियन भाषक राहतात. त्यांच्यातील कॅथलिक भाविकही आपापल्या गावाच्या क्रुसामागे चालत पेंटेकॉस्ट सणाच्या आदल्या शनिवारी चीकशोम्योला मेरीमातेच्या दर्शनाला येतात. चर्चमागच्या टेकडीवर लहान चॅपेले आहेत. तेथेही प्रार्थना होते.

या यात्रेचे मूळ १५६७ सालच्या लढाईत सांगतात. राजाने धर्मांतरासाठी फौज पाठवली, मातेच्या कृपेने सेकेय जिंकले, अशी ती कथा. पण ती फार उशिरा लिहिली गेली, आणि अभ्यासक लढाईबद्दलच शंका घेतात. उलट १४४४ सालच्या पोपच्या पत्रात येथे येणाऱ्या भाविकांचा उल्लेख आहे. म्हणजे वाट आधीची, विजयकथा नंतरची.

मग कथेत उणे काय? ती भक्तीला शत्रूची गरज लावते; पंथ बदललेला शेजारी वैरी ठरतो. साम्यवादी राजवटीत १९४९ नंतर मिरवणूक बंद पडली, १९९० मध्ये पुन्हा निघाली. मधली चाळीस वर्षे ती विजयाने तगवली नाही, ओढीने तगवली. चालणाऱ्याला तेवढी ओढ पुरते. आपणही आपल्या वारीची थोरवी सांगताना एवढे तपासावे: आपण देवाचे नाव घेतो आहोत, की कोणाच्या पराभवाचे?